काठाचं पाणी

स्पीडबोट नजरेआड होते, तिचा आवाज डोंगराच्या कुशीत विरून जातो आणि मग तिची लाट काठाला येऊन लागते. तापोळ्याला शिवसागराच्या काठावर थोडा वेळ बसलं की हे पुन्हा पुन्हा पाहायला मिळतं. बोटीतले पर्यटक तोवर पुढच्या वळणावर पोचलेले असतात. पहिली लाट लहान असते, दुसरी-तिसरी मोठी. ती लाल मातीच्या उतारावर चढते, परतताना मूठभर माती ओढून नेते आणि काठालगतचं हातभर पाणी चहासारखं करून ठेवते. हा गाळ खाली बसायला वेळ लागतो. तो बसायच्या आत पुढची बोट येते.

तलावात बोटी किती वेगानं चालवाव्यात आणि वर्षातले कोणते महिने मासे धरू नयेत, हे दोन नियम सरकारी कागदांवर वेगवेगळ्या खात्यांकडे असतात. एक नौकानयनाचा, दुसरा मत्स्यव्यवसायाचा. पण दोन्हींचा विषय हा एवढासा पट्टाच आहे असं मला वाटतं. तलावाचं मधलं पाणी खोल असतं, दिसायला भव्य असतं, छायाचित्रात तेच येतं. जगणं मात्र बहुतेक सगळं काठाला असतं. ऊन तळापर्यंत तिथेच पोचतं, पाणवनस्पती तिथेच रुजतात, बहुतेक मासे अंडी घालायला तिथेच येतात. कपडे धुणारी बाई, पाण्यावर येणारी जनावरं, छोट्या होडीतून जाळं सोडणारा भोई हेही तिथलेच. मधल्या पाण्यातल्या ताकदवानानं काठाची आठवण ठेवावी, यासाठी हे दोन्ही नियम असतात.

लाटेचं शास्त्र या बाबतीत फार बोलकं आहे. लॉर्ड केल्विननं 1887 साली दाखवून दिलं की खोल पाण्यात पुढे जाणाऱ्या कुठल्याही वस्तूमागे लाटांची जी पाचर उघडत जाते तिचा कोन ठरलेला असतो, दोन्ही बाजूंना सुमारे साडेएकोणीस अंश. पाण्यात बदक असो की आगबोट. पण लाटेची उंची ठरलेली नसते, आणि दुप्पट उंचीच्या लाटेत चौपट ऊर्जा असते. इथे एक गोष्ट अनेकांना चुकीची वाटेल: सगळ्यांत मोठी लाट सर्वांत जास्त वेगाला उठत नाही. बोट अगदी सावकाश जाते तेव्हा ती पाणी नुसतं बाजूला सारते. पूर्ण वेगात तिचा तळ पाण्यावर उचलला जातो आणि ती पृष्ठभागावरून घसरत जाते. या दोन्हींच्या मधल्या वेगाला मात्र तिचं नाक वर उठतं, मागचा भाग पाण्यात रुततो आणि ती आपल्यामागे पाण्याचा डोंगर ओढत नेते. घाबरून वेग ‘थोडासा’ कमी करणारा चालक काठाचं जास्त नुकसान करतो. म्हणून नुसता आकडा लिहून भागत नाही, काठापासूनचं अंतर आणि पाण्याची खोलीही नियमात यावी लागते. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यानं 2024 मध्ये मुद्दाम मोठ्या लाटा उठवणाऱ्या खेळाच्या बोटींसाठी असाच नियम केला. काठापासून किमान 500 फूट दूर, किमान 20 फूट खोल पाणी, आणि असं पाणी सलग 50 एकर तरी असलं पाहिजे. या नियमाचा मजकूर वाचताना जाणवतं की तो लिहिणाऱ्यांनी बोटीइतकाच काठही पाहिला होता.

वेगाच्या नियमाची खरी परीक्षा झाली ती इंग्लंडमधल्या विंडरमिअरवर. साडेदहा मैल लांब आणि चिंचोळं, हे त्या देशातलं सर्वांत मोठं नैसर्गिक सरोवर. वेगाचा सोस त्याला जुनाच. 13 जून 1930 रोजी सर हेन्री सीग्रेव्ह यांनी ‘मिस इंग्लंड टू’ या बोटीतून इथेच ताशी 98.76 मैलांचा जागतिक विक्रम केला. त्याच दिवशी पुढच्या फेरीत बोट उलटली आणि ते गेले, त्यांच्याबरोबरचा एक अभियंताही गेला. पुढे यांत्रिक बोटी सर्वसामान्यांच्या आवाक्यात आल्या, पाण्यावर स्कीइंग सुरू झालं आणि उन्हाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी सरोवरावर बोटींची दाटी होऊ लागली. शिडाच्या होडीतली मुलं, वल्हवणारे, पोहणारे हळूहळू मागे सरले. सरोवर ज्या राष्ट्रीय उद्यानात येतं त्याच्या प्राधिकरणानं 10 नॉट, म्हणजे ताशी साधारण साडेअठरा किलोमीटर, अशी मर्यादा सुचवली. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यावर लांबलचक जाहीर चौकशी झाली. 2000 साली सरकारनं उपविधीला मंजुरी दिली, पण अंमल लगेच केला नाही. ज्यांचा धंदा वेगावर उभा होता त्यांना सावरायला पाच वर्षं दिली आणि 29 मार्च 2005 पासून मर्यादा लागू झाली.

ही पाच वर्षं मला फार मोलाची वाटतात. स्कीइंग शिकवणारे, वेगवान बोटी भाड्यानं देणारे, त्यांची दुरुस्ती करणारे यांचं नुकसान खरं होतं. त्यांचा युक्तिवादही पोकळ नव्हता: सरोवर सर्वांचं आहे, मग आम्हालाच का हाकलता? त्यावर उत्तर असं, की वेगानं जाणारा माणूस इतर सगळ्यांचं पाणी वापरतो आणि सावकाश जाणारा फक्त आपलं. एक स्पीडबोट सरोवराचा अख्खा कोपरा त्या तासापुरता आपला करून टाकते. वल्हवणाऱ्या शंभर जणांनी मिळून ठरवलं तरी त्यांना ते जमणार नाही. सार्वजनिक जागेवरचा हक्क मोजायचा तर माणूस किती जागा व्यापतो हे पाहावं लागतं, आणि पाण्यावर ती जागा लाट ठरवते.

जवळच्याच कोनिस्टन सरोवरावर ताशी 10 मैलांची मर्यादा आहे. 4 जानेवारी 1967 रोजी डोनाल्ड कॅम्पबेल वेगाचा विक्रम करायला इथेच ‘ब्लूबर्ड’ ही बोट घेऊन उतरला होता. विक्रमासाठी सरोवर जाताना आणि येताना असं दोन्ही दिशांनी कापावं लागतं. पहिली फेरी ताशी 297 मैलांनी झाली. नेहमीप्रमाणे इंधन भरायला आणि पाणी निवायला थांबण्याऐवजी तो लगेच वळला. परतीच्या फेरीत बोटीनं 300 मैलांचा वेग ओलांडला, मग ती हवेत उचलली गेली आणि पाण्यावर आदळून फुटली. त्याचा मृतदेह मिळायला 2001 साल उजाडलं. अपघाताची कारणं आजही वादात आहेत, त्याच्या स्वतःच्याच लाटांचा त्यात वाटा किती हे छातीठोक सांगता येत नाही. पण वाट न पाहण्याचा तो निर्णय मनात घर करून राहतो. बंद पाण्यात लाट कुठे निघून जात नाही. काठाला लागते, परतते, दुसऱ्या काठाला लागते. जिनिव्हा सरोवराचा आयुष्यभर अभ्यास करणाऱ्या फोरेलनं तर दाखवलं होतं की वाऱ्यानं एकदा ढकललेलं अख्खं सरोवर तासातासाच्या झोक्यानं हिंदकळत राहतं. आज कोनिस्टनवर शरदाच्या अखेरीला वेगाच्या विक्रमांसाठी एक आठवडा राखून ठेवलेला असतो. तेवढ्यापुरती मर्यादा उठते. वेगाला ऋतू ठरवून देण्याची ही कल्पना मला आवडते. पर्यटकांची गर्दी ओसरलेली असते, पक्ष्यांची वीण संपलेली असते, आणि ज्यांना धावायचं आहे ते धावून घेतात.

विंडरमिअरच्या तळाशी हिमयुग सरताना मागे राहिलेला एक मासा आहे, आर्क्टिक चार. याच सरोवरात त्याचे दोन गट दिसून आले. एक शरदात उथळ पाण्यातल्या खडीवर अंडी घालतो, दुसरा वसंताच्या तोंडाशी खोलात. एकाच पाण्यात, एकाच जातीचे मासे, आणि दोघांचं पंचांग वेगळं. गेल्या काही दशकांत हा मासा फार घटला. पाणी तापतं आहे, सांडपाण्यातून आलेली पोषकद्रव्यं शेवाळ वाढवत आहेत. वेगमर्यादेनं यातलं काहीच थांबत नाही, आणि तसं ती थांबवेल असं कुणी म्हणूही नये.

आता दुसरा नियम. मासेमारीच्या हंगामी बंदीचा इतिहास आपल्याकडे फार मागे जातो. सम्राट अशोकानं राज्याभिषेकाला 26 वर्षं झाल्यावर कोरवलेल्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे आणि तिच्यात काही मासे आणि कासवंही आहेत. पुढे दिवसांचा हिशेब येतो. तीन चातुर्मासी पौर्णिमा आणि तिष्य नक्षत्रातली पौर्णिमा, त्या प्रत्येकीचे चतुर्दशीपासून प्रतिपदेपर्यंतचे तीन दिवस, शिवाय उपोसथाचे, म्हणजे उपवासाचे दिवस. या दिवसांत मासे मारू नयेत आणि विकूही नयेत. ‘विकूही नयेत’ यात राज्यकारभाराची जाण दिसते, कारण नुसती मारायला बंदी केली तर आदल्या दिवशी मारून ठेवलेला मासा बाजारात येतोच. चातुर्मासी पौर्णिमा ऋतूंच्या सांध्यावर येतात. अशोकाचा हेतू धर्माचा होता, माशांचा साठा टिकवण्याचा नव्हता. तरी हिंसेला वेळेची मर्यादा घालता येते, आणि ती ऋतूला बांधावी, हा विचार तेव्हाच दगडावर कोरला गेला.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नावाध्यक्षाचं प्रकरण आहे. मासे धरणाऱ्यांनी सहावा हिस्सा द्यावा, असं ते सांगतं. अवेळी किंवा उताराची जागा सोडून नदी ओलांडणाऱ्याला दंड आहे. लगेच पुढे सूट मात्र दिली आहे: कोळी, लाकडाचे आणि गवताचे भारे वाहणारे, फुलांफळांच्या बागा राखणारे, गुराखी यांना हा दंड नाही. पाण्यावर ज्याचं रोजचं जगणं आहे तो आणि पाण्यावर कधीतरी येणारा, यांच्यात फरक करायला तो शास्त्रकार विसरला नाही. आपल्या आजच्या अधिसूचनांमध्ये हा फरक शोधावा लागतो. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं मानसोल्लासात ‘मत्स्यविनोद’ असा स्वतंत्र भाग लिहिला, माशांच्या तीसहून अधिक जाती, त्यांच्या राहण्याच्या जागा, गळ, दोरी, आमिषं यांच्यासकट. राजाच्या करमणुकीसाठी का होईना, ते ज्ञान लिहून ठेवलं गेलं. ते ज्यांच्याकडून आलं असणार त्या कैवर्तांचं, म्हणजे कोळ्यांचं, स्वतःचं काहीच लिहिलेलं उरलं नाही.

इंग्लंडमध्ये गोड्या पाण्यातल्या साध्या माशांसाठी हंगामी बंदी आली 1878 च्या कायद्यानं. तो मुंडेला यांचा कायदा म्हणून ओळखला जातो. मुंडेला शेफील्डचे खासदार. सुऱ्या-कात्र्यांच्या कारखान्यांत राबणारे आणि सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन नदीवर जाणारे शेफील्डचे कामगार या कायद्यामागे होते. बंदी वरून लादली गेली नव्हती, गळ टाकणाऱ्यांनीच ती मागितली होती. 15 मार्च ते 15 जून पाणी मोकळं सोडायचं आणि 16 जूनची पहाट सणासारखी साजरी करायची, ही रीत शतकभर चालली. 1995 मध्ये बहुतेक तळी-सरोवरांवरची ही बंदी उठवली गेली, नद्यांवर ती राहिली. कारण समजण्यासारखं आहे. तळ्याला मालक असतो किंवा क्लब असतो, मासे बाहेरून आणून सोडलेले असतात, त्यांचं ते बघून घेतील. नदीतला मासा आज इथे, उद्या दुसऱ्याच्या हद्दीत. तो कुणाचाच नाही म्हणून त्याला कायद्याचं संरक्षण लागतं.

आता आपले जलाशय यातले कोणते? लोणार सोडलं तर महाराष्ट्रात मोठं नैसर्गिक सरोवर जवळपास नाहीच. शिवसागर, नाथसागर, यशवंतसागर, नावं सागराची असली तरी ती अडवलेल्या नद्यांची आहेत. त्यांच्यात मत्स्यबीज सोडलं जातं, सहकारी संस्थांना ती ठेक्यानं दिली जातात, म्हणजे व्यवहार तळ्याचा. पण पावसाळ्यात वरून नदी येते आणि तिच्यासोबत नदीचे मासेही, म्हणजे स्वभाव नदीचा. हिशेब मात्र सोडलेल्या बोटुकल्यांचाच होतो. रोहू, कटला, मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात सहसा वीत नाहीत. त्यांना पुराचा ओघ लागतो, नुकतंच पाण्याखाली गेलेलं उथळ कुरण लागतं. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांची वीण घडवून आणली आणि देशभरातल्या मत्स्यबीज केंद्रांचा पाया घातला. कोट्यवधी लोकांच्या ताटात मासा आला तो या शोधामुळे. मात्र त्याची एक सावलीही पडली. बीज केंद्रातून येतंच आहे, मग काठावर कोण वीत आहे याची चिंता कशाला, असं म्हणणं सोपं झालं.

काठावर कोण वीत आहे ते पाहायचं तर पावसाच्या तोंडाशी जावं. पहिल्या पुराला मासे उलटे चढतात. सिंधुदुर्गापासून कोल्हापुरापर्यंत ‘चढणीचे मासे’ आणि रायगड-ठाण्याकडे ‘वलगणीचे मासे’ म्हणून लोक रात्री बत्त्या, टॉर्च, कामट्यांचे सापळे घेऊन ओहोळांवर जमतात. पावसात भिजण्याचा, शेतातल्या पाण्यात मासा हाताला लागण्याचा तो आनंद खोटा नाही. त्या माशाच्या पोटात गाभोळी असते, आणि तिचीच चव वर्षभर लोकांच्या जिभेवर राहते. ओहोळावर चार घरं येत होती तोवर चढणारे पुष्कळसे मासे निसटून जात. आता गाड्या भरून लोक येतात, ओहोळाच्या तोंडाला आडवं नायलॉनचं जाळं लागतं, आणि वर एकही मासा पोचत नाही.

मरळीचं पाहावं. गवताळ, उथळ, शांत पाण्यात मरळीची जोडी पाणवनस्पती बाजूला सारून जागा करते. अंडी तरंगती असतात. पिल्लं बाहेर पडली की तांबूस-नारिंगी रंगाचा एक गोळा पाण्यात हलताना दिसतो, शेकडो इवले जीव एकमेकांना धरून. मधेच तो सगळा गोळा श्वासासाठी वर येतो, पृष्ठभागावर पाऊस पडल्यासारखे बारीक बुडबुडे उठतात, आणि पुन्हा खाली जातो. त्याच्या खाली वीतभर अंतरावर आई-बाप असतात. बेडूक जवळ आला तर ते झेप घेतात. माणूस जवळ आला तरी ते पिल्लांना सोडून जात नाहीत, आणि जाणकार शिकारी नेमकं हेच हेरतो. लाल गोळा दिसला की खाली भाला मारायचा, मोठी मरळ हमखास मिळते. राखण गेली की उरलेली पिल्लं दिवसा-दोन दिवसांत इतर माशांच्या पोटात जातात. आता या जागेवरून एक स्पीडबोट मधल्या वेगानं गेली असं समजा. तरंगती अंडी, बाजूला सारलेलं गवत, शांत पाण्याच्या भरवशावर मांडलेला सगळा संसार लाटेबरोबर उतारावर फेकला जातो. वेगाचा नियम आणि विणीचा नियम वेगळे नाहीत असं मी म्हणतो ते यासाठी.

या पार्श्वभूमीवर चिलापीचं यश समजून घ्यायला हवं. 1952 साली भारतात आणलेला हा आफ्रिकी मासा आज कितीतरी जलाशयांत पसरला आहे. चिलापीची मादी फलित अंडी तोंडात धरते आणि पिल्लं सुटी होईपर्यंत तोंडातच सांभाळते. पाणी उतरलं, काठ सरकला, लाट आली, तरी ती बाळंतपण घेऊन खोल पाण्यात जाऊ शकते. मरळीला, महाशीराला हे जमत नाही. महाशीर स्वच्छ खडीवर थोडी आणि मोठी अंडी घालतो, आणि ती फुटायला कार्प माशांच्या अंड्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. काठ बिघडला की काठावर विसंबलेले मासे आधी जातात. चिलापीला दोष देणाऱ्यांनी आधी काठाकडे पाहावं, असं मला कळकळीनं सांगावंसं वाटतं.

आपल्याकडे जुनी बंदी होती, ती डोहांना बांधलेली. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनी देवीचा तो डोह. तिथले महाशीर कुणी मारत नाही, लोक त्यांना मुरमुरे घालतात आणि हातभर लांबीचे मासे पायाशी येतात. वाड्याजवळ तिळसे इथे वैतरणेतही देवाच्या नावानं मासे राखलेले आहेत. उन्हाळ्यात नदी आटत आली की मोठे, वयात आलेले मासे अशा डोहांत जमतात आणि पावसाबरोबर इथूनच पुन्हा साऱ्या नदीत पसरतात. राखायला जागा आणि वेळ यापेक्षा चांगली निवडता आली नसती. अशी श्रद्धा आणि हे निरीक्षण एकत्र कसं आलं, हे मला नेहमी अचंब्यात टाकतं.

धरणं झाली आणि गावं बुडाली, त्याबरोबर डोहही बुडाले. पळसदेवचं देऊळ उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलं तसे भीमेकाठचे सगळे संकेतही खाली गेले. कुठे जाळं टाकायचं नाही, कुठल्या महिन्यात टाकायचं नाही, कुणाचा पाण्यावर पहिला हक्क, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरत आलेलं शहाणपण नव्या काठावर कुणी आणून दिलं नाही. विस्थापित शेतकरी मासेमार झाले, दूरदूरचे लोक जाळी घेऊन आले, आणि सगळ्यांसाठी ते पाणी सारखंच नवं होतं. समुद्राला नारळी पौर्णिमा आहे. पश्चिम किनाऱ्यावरची 1 जून ते 31 जुलै ही 61 दिवसांची सरकारी बंदी त्या जुन्या रीतीच्या खांद्यावर उभी आहे, म्हणून कोळीवाड्यांत तिच्यावर वाद झाले तरी तिचा अर्थ सांगावा लागत नाही. उजनी पुरी झाली 1980 मध्ये. तिच्या काठावर असा सण जन्माला यायला वेळच मिळालेला नाही. याउलट भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव पाहा, कोहळी समाजानं काही शतकांपूर्वी बांधलेले. तिथले ढिवर मासेमार कुठली पाणवनस्पती कुठल्या माशाच्या विणीला लागते ते सांगू शकतात. अलीकडे काही गावांत ढिवर स्त्रियांनी तलावातलं बेशरम उपटून देशी वनस्पती पुन्हा लावल्या. पाणी जुनं असलं की माणसाला ते वाचता येतं.

म्हणून नव्या पाण्याला लिहिलेला नियम लागतो. कायद्याचा आधार आहेच. 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्यानं पाण्यात सुरुंग आणि विष वापरायला बंदी केली आणि जाळ्याचा आस किती असावा, कुठलं पाणी किती काळ बंद ठेवावं, हे ठरवायचे अधिकार प्रांतांना दिले. पुढे महाराष्ट्रानं 1960 मध्ये स्वतःचा कायदा केला. पण उजनीसारख्या पाण्यावर तारीख आणि अंतर या दोन्ही गोष्टी हातातून निसटतात. धरणाच्या 117 टीएमसीपैकी निम्म्याहून अधिक साठा मृत. उन्हाळ्यात लोक ‘उजनी मायनसमध्ये गेली’ म्हणतात, आणि 2024 च्या उन्हाळ्यात ती वजा साठ टक्क्यांच्या जवळ उतरली होती. तेव्हा काठ कोसभर आत सरकलेला असतो. उघड्या पडलेल्या बेटांवर नदी सुरय पक्षी पाण्यालगत जमिनीवर अंडी घालतात, एका मोठ्या लाटेच्या टप्प्यात. अशा जागी काठापासूनचं अंतर नकाशावरच्या पूररेषेवरून मोजण्यात काय अर्थ आहे? ते त्या दिवशीच्या पाण्यावरून मोजलं पाहिजे. बंदीही पहिल्या पुराला बांधली पाहिजे, कारण मृगाचा पाऊस लांबला तर मासे कॅलेंडर पाहून वीत नाहीत.

2024 मध्येच 21 मे रोजी संध्याकाळी उजनीकाठच्या कुगाव आणि कळाशी यांच्यामध्ये वादळात प्रवासी होडी उलटली आणि सहा माणसं बुडाली. धरणानं दोन काठ एकमेकांपासून तोडले आणि रस्त्यानं मोठा वळसा पडू लागला, म्हणून लोक होडीनं जातात. त्यांची होडी हौसेची नाही. वेगाचे आणि सुरक्षिततेचे नियम लिहिताना हौसेची स्पीडबोट आणि गरजेची होडी एकाच कलमात बसवली तर पर्यटनाची बोट परवाना काढून सुटते आणि गावची होडी बेकायदा ठरते. कौटिल्यानं गुराख्याला आणि भारेवाल्याला दंडातून वगळलं होतं. आपण त्याही पुढे जाऊन त्यांना जॅकेट, चांगली होडी आणि वाऱ्याची वेळेवर सूचना द्यायला हवी.

आणि भोयाचं काय? हंगामी बंदीचा सगळा भार त्याच्यावर पडतो. अशोकाच्या लेखात त्या दिवशी कोळ्याच्या घरी चूल कशी पेटायची याचा उल्लेख नाही. आज केंद्राच्या योजनेत बंदीच्या तीन महिन्यांसाठी मासेमार कुटुंबाला साडेचार हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे, त्यातले दीड हजार त्याच्याच बचतीचे. महिन्याला दीड हजारात घर चालत नाही, हे हिशेब करणाऱ्यालाही माहीत असणार. विंडरमिअरच्या स्कीइंगवाल्यांना सावरायला पाच वर्षं दिली गेली. आपल्या भोयाला निदान पावसाच्या आधी, पोटभर आणि हातात पडेल अशी रक्कम द्यावी, आणि बंदीची तारीख ठरवणाऱ्या बैठकीत त्याला खुर्ची द्यावी. मासे कधी चढतात, मरळ कुठल्या गवतात बसते, बोट कुठून गेली की जाळं फाटतं, हे त्याला अधिकाऱ्यांपेक्षा जास्त ठाऊक आहे. शेफील्डच्या कामगारांनी बंदी मागितली, कारण पुढच्या हंगामातला मासा आपल्याच गळाला लागणार याची त्यांना खात्री होती. आपला जलाशय काही वर्षांच्या ठेक्यावर जातो. पुढचा ठेका आपल्याला मिळेल की दुसऱ्या संस्थेला, हे माहीत नसताना आज हाती आलेली गाभोळीची मरळ पाण्यात परत सोडायला त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं? ठेक्याची मुदत लांब करावी, राखणीचं काम आणि त्याचा मोबदला संस्थेकडेच द्यावा, बाहेरच्या बारीक आसाच्या जाळ्यांना अडवण्याचा अधिकारही द्यावा. यातलं काहीही नव्या शोधाची वाट पाहत नाही. पुढच्या मृगाआधी एका जलाशयावर तरी हे करून बघता येईल.